साडेतीन क्विंटलचे बुडापेस्ट

पत्र (संक्षिप्त करून) :

आदरणीय बाई, मी धाराशिव जिल्ह्यातल्या कळंब तालुक्यातील एका खेड्याची. सध्या इटलीतील बोलोन्या येथे पदव्युत्तर शिक्षणाच्या पहिल्या वर्षाला आहे. घरी सहा एकर कोरडवाहू जमीन असून सोयाबीन आणि तूर ही पिके असतात. घर तारण ठेवून अण्णांनी माझ्यासाठी १२ लाखांचे कर्ज काढले. इथे आम्ही चार भारतीय मुली एकत्र राहतो. बाकीच्या तिघी जवळजवळ प्रत्येक शनिवार-रविवारी कुठे ना कुठे जातात. त्यांच्याबरोबर मीही व्हेनिस आणि फ्लॉरेन्स पाहिले आणि फोटो स्टेटसला ठेवले. गावात पारावर चुलते म्हणाले, ‘बापाच्या डोक्यावर कर्ज अन् लेक युरोप हिंडती.’ अण्णा मला काहीच बोलले नाहीत, पण तेव्हापासून फोनवर ‘जेवलीस का’ एवढेच विचारून ते फोन आईकडे देतात. पुढे मैत्रिणींबरोबर बुडापेस्टला गेले, ते मात्र घरी सांगितले नाही आणि स्टेटसही घरच्यांपासून लपवले. त्यात विमान, राहणे, खाणे मिळून १९० युरो गेले आणि फेब्रुवारीतला एक पेपर द्यायचा राहिला. मी फिरणे पूर्ण बंद करावे का?

उत्तर :

चि. लेकीस, अनेक आशीर्वाद.

फिरणे बंद करू नकोस. हे आधी सांगून टाकते, कारण तुझ्या पत्रातला प्रश्न एका ओळीचा असला तरी त्याखाली पैसा, अभ्यास आणि लपवाछपवी अशा तीन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत, आणि फिरणे बंद केल्याने त्यांतली एकही आपोआप सुटणार नाही. मात्र ‘प्रवास हेही शिक्षणच असते’ हे वाक्य मी तुझ्या हाती देणार नाही. ते खोटे नाही, पण ज्याच्या घरावर बँकेचा बोजा चढला आहे त्याला ते ऐकवायचे नसते.

पैशाचा हिशेब आपण एकदाच आणि नीट करू. युरो शंभर रुपयांचा धरला, तर १९० युरोंचे १९ हजार रुपये होतात. २०२५-२६ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५३२८ रुपये होता, म्हणजे तुझे बुडापेस्ट साडेतीन क्विंटलच्या पुढे गेले. मोंढ्यात प्रत्यक्ष हाती पडणारा भाव धरला तर त्याहूनही जास्त. २०२५ च्या सप्टेंबरात अतिवृष्टीने आपल्या भागातील शेतांचे काय केले, हे तुला मी सांगायला नको. त्यात भर अशी की शिक्षणकर्जाचा हप्ता शिक्षण संपेपर्यंत थांबला, तरी व्याज थांबत नाही. तू वर्गात बसलेली असताना ते घरी चढतच असते. मात्र हा क्विंटलचा हिशेब रोज करू नकोस. कॉफीच्या प्रत्येक पेल्यात सोयाबीन दिसू लागले तर तुला तिथे श्वास घेणे कठीण होईल आणि अण्णांनाही ते नकोच असेल. वर्षातून एखाद्या मोठ्या खर्चापूर्वी तो करावा आणि मग शांतपणे निर्णय घ्यावा.

बुडापेस्टमध्ये चुकले काय, तर ते शहर नव्हे. तुझ्या पत्रात त्या शहराविषयी एकही शब्द नाही, हे तुझ्या लक्षात आले का? डॅन्यूब नदीचे पात्र नाही, पूल नाहीत, काही नाही. आहेत ते विमान, राहणे, खाणे आणि १९० युरो. व्हेनिस आणि फ्लॉरेन्सचीही तू फक्त नावे लिहिली आहेस. यावरून मला असे वाटते की तू या तिन्ही ठिकाणी मनाने गेलीच नाहीस. तिघी निघाल्या म्हणून चौथी निघाली. दुसऱ्याच्या बेतात सामील होणाऱ्याला खर्च पूर्ण वाट्याचा पडतो आणि पाहणे अर्धेच घडते. त्यातही चौघींचा खर्च समान वाटला जातो तेव्हा जिची ऐपत सर्वांत कमी, तिलाच तो सर्वांत जड जातो.

आता लपवण्याविषयी. इथे मला माझी एक गोष्ट सांगावी लागेल. १९७९ साली मी औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, वसतिगृहात राहून शिकत होते. एका रविवारी आम्ही पाच जणी एसटीने अजिंठ्याला गेलो. घरी मी पत्रात ‘रविवारी जादा तास आहे’ असे लिहिले होते. महिन्याभराने वडील ज्वारी आणि डाळ पोचवायला आले, माझे पुस्तक सहज चाळू लागले आणि त्यात खूण म्हणून ठेवलेले एसटीचे तिकीट त्यांच्या हाती आले. ते तिकीट त्यांनी उलटसुलट पाहिले, पुन्हा त्याच पानात ठेवले आणि कितीतरी वेळ काही बोलले नाहीत. जेवण झाल्यावर, निघण्याच्या वेळी, त्यांनी विचारले, ‘लेण्यातली चित्रं पुसट झालीत म्हणतात. खरं का गं?’ मी त्यांना पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीविषयी सांगू लागले आणि त्यांची बस चुकली. त्यांना अजिंठा पाहायचे होते, हे मला वयाच्या एकोणिसाव्या वर्षी प्रथमच कळले. सगळेच बाप असे असतात असे मी म्हणत नाही. तुझे अण्णा खरोखर रागावलेले असतील, पारावरच्या बोलण्याने दुखावलेलेही असतील. पण अबोल्याचा अर्थ तू एकच लावला आहेस आणि तो अजून त्यांना विचारून पाहिलेला नाहीस.

तेव्हा येत्या रविवारी फोन कर, आणि आईच्या फोनवर नव्हे, अण्णांच्या फोनवर. उन्हाळी वेळ सुरू झाली की तुझे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते, म्हणजे तुझी दुपार ही त्यांची संध्याकाळ. गुरांचे पाणी-वैरण होऊन ते जरा टेकले असतील अशी वेळ गाठ. बुडापेस्टला गेले होते, १९० युरो खर्च झाले, एक पेपर राहिला, आणि हे तुमच्यापासून लपवले, ही चार वाक्ये याच क्रमाने सांग. त्यांच्या मागे ‘पण सगळ्या जणी जातात’ हे पाचवे वाक्य जोडू नकोस. ते काय बोलतील हे मला ठाऊक नाही, परंतु कदाचित फोन लगेच आईकडे जाणार नाही. चुलत्यांना उत्तर देण्याच्या भानगडीत तू पडू नयेस. पारावर बसलेल्या माणसाला काय सांगायचे, हे अण्णांना तुझ्यापेक्षा चांगले कळते. फक्त सांगण्यासारखे त्यांच्याजवळ काही असले पाहिजे, आणि आजवर तू त्यांना काहीच दिलेले नाहीस.

देण्यासारखे एक काम मात्र आहे. तू शिष्यवृत्तीविषयी काहीच लिहिले नाहीस, म्हणून असे धरते की पहिल्या वर्षी कागद वेळेत जमले नसावेत. इटलीत घरच्या उत्पन्नावर आधारलेली प्रादेशिक शिष्यवृत्ती असते आणि ती परदेशी विद्यार्थ्यांनाही मिळू शकते. तुझ्या एमिलिया-रोमान्या प्रदेशात हे काम एर्गो नावाची संस्था पाहते. ही शिष्यवृत्ती मिळाली तर विद्यापीठाची फी माफ होते आणि वर रोख रक्कमही मिळते. त्यासाठी घरातील सर्वांचे उत्पन्न, मालमत्ता आणि कुटुंबातील माणसे यांचे दाखले लागतात. त्यांवर अपोस्टिल, म्हणजे परदेशात दाखला चालावा म्हणूनचा सरकारी शिक्का, इटालियन भाषांतर, आणि मग तिथल्या काफ नावाच्या साहाय्य केंद्रातून इझे पारिफिकातो हे उत्पन्नाचे गणित काढून घ्यावे लागते. आपल्याकडे याचा अर्थ सातबारा, आठ-अ, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आणि बऱ्याच चकरा असा होतो. अर्ज उन्हाळ्यात निघतात, म्हणून हे काम अण्णांवर आत्ताच सोपव. दुसऱ्या वर्षी ठरावीक श्रेयांक झालेले असावे लागतात, त्यामुळे राहिलेला पेपर आता केवळ पेपर उरलेला नाही. फोनवर ‘जेवलीस का’ याच्या पुढे बोलणे जात नसेल, तर तहसीलच्या दाखल्यावरून ते खात्रीने जाईल.

पेपराविषयी थोडक्यात सांगते. इटलीत एकाच विषयाच्या परीक्षेला वर्षातून अनेक संधी मिळतात आणि बहुधा जून-जुलैत पुन्हा तारखा असतात. बऱ्याच परीक्षा तोंडी असल्यामुळे आपल्याकडच्यासारखे शेवटच्या चार रात्रींत पाठांतर करून भागत नाही. तीस गुणांपैकी अठरा मिळवायला रोज बोलून सराव करावा लागतो. तारीख ठरव आणि तिच्या आधीचे तीन शनिवार-रविवार बोलोन्याबाहेर पाऊल टाकू नकोस.

उरलेल्या रविवारी काय करायचे, हा खरा आवडीचा भाग आहे, म्हणून त्यावर जरा रेंगाळते. बोलोन्या हे इटलीतील रेल्वेचे मोठे जंक्शन आहे आणि तू त्या स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर राहत असूनही विमानाने हंगेरीला गेलीस, याची मला गंमत वाटते. तिथल्या प्रादेशिक गाड्यांचे, म्हणजे रेजोनालेचे, भाडे अंतरावर ठरलेले असते. ते आयत्या वेळी वाढत नाही, त्यामुळे सकाळी उठून आभाळ पाहावे आणि निघावे. वेगवान गाडीचे तिकीट मात्र उशिरा काढले तर कित्येक पट महाग पडते. रेजोनालेने फेर्रारा पाच-सहा युरोंत आणि तासाभराच्या आत गाठता येते. सायकलींचे गाव म्हणून ते प्रसिद्ध आहे. रावेन्नाला सव्वा-दीड तास लागतो आणि एका बाजूचे भाडे दहा युरोंच्या आत राहते. तिथे पाचव्या-सहाव्या शतकांतील मोझाइकची चित्रे आहेत, आणि गाल्ला प्लाचिदिया या रोमन राजकन्येच्या नावाच्या छोट्या समाधीवास्तूत गडद निळ्या छतावर सोनेरी तारे जडवलेले आहेत. अजिंठा-वेरूळच्या मुलखातून आलेल्या मुलीने ते छत पाहिल्याशिवाय परत येऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. महाकवी दान्तेची समाधीही त्याच गावात आहे.

त्याआधी एक प्रवास बिनपैशाचा कर. बोलोन्याच्या कमानदार ओसऱ्या, ज्यांना तिथे पोर्तिको म्हणतात, २०२१ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आल्या. त्यांतील सर्वांत लांब ओसरी सान लुकाच्या टेकडीवरील देवळापर्यंत जाते. ती सुमारे पावणेचार किलोमीटरची आहे आणि तिला ६६६ कमानी आहेत. दरवर्षी मे महिन्यात तिथले माता मेरीचे चित्र मिरवणुकीने खाली शहरात आणतात, आणि त्या मिरवणुकीला पावसाचा त्रास होऊ नये म्हणून हे छत बांधलेले आहे. कोजागरीला तुळजापूरला चालत जाणाऱ्यांच्या भागातली तू. तुला ती वाट फारशी परकी वाटणार नाही. वर पोहोचलीस की फोटो काढ आणि तो स्टेटसला न ठेवता सरळ आईला पाठव.

बारीकसारीक गोष्टीही सांगून ठेवते, कारण दंड हा सर्वांत वाईट खर्च असतो. कागदी प्रादेशिक तिकिटावर गाडीत चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारावा लागतो. तिकीट असूनही शिक्का नसेल तर दंड होतो. मोबाइलवरच्या तिकिटाचे चेक-इन करावे लागते. शुक्रवारी रेल्वेचे संप बऱ्याचदा असतात. कामाच्या दिवशी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ या वेळांत काही गाड्या हमखास सोडल्या जातात, रविवारी मात्र ही हमी नसते, म्हणून निघण्यापूर्वी सूचना पाहावी. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालये आणि पुरातत्त्वीय स्थळे विनामूल्य असतात. रावेन्नातील चर्चच्या ताब्यातल्या वास्तूंना ही सवलत लागू नाही. व्हेनिसला दिवसापुरते जाणाऱ्यांकडून २०२४ पासून काही ठरावीक तारखांना प्रवेशशुल्क घेतले जाते. कॉफी उभ्याने घेतली तर स्वस्त पडते, टेबलाशी बसले की तिचाच दर वाढतो, आणि खाणावळीत नुसते बसल्याचेही पैसे बिलात चढतात. तेव्हा डब्यात धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी ने. ज्वारीचे पीठ मिळाले नाही तर गव्हाच्या पिठात हळद-तीळ घालून कर, प्रवासात दोन दिवस टिकतात. पाण्याची बाटली भरण्यासाठी चौकाचौकांत नळ आहेत. इतके करून एका रविवारचा खर्च पंचवीस-तीस युरोंच्या वर जाण्याचे कारण नाही, आणि महिन्यातून असे दोन रविवार पुरे आहेत. ते पैसे पहिल्या तारखेलाच वेगळे काढून ठेव. विद्यार्थी म्हणून तुला आठवड्याला वीस तासांपर्यंत काम करण्याची मुभा आहे. फिरण्याचे पैसे त्या कमाईतूनच यावेत, कर्जाच्या रकमेतून येऊ नयेत, असा माझा आग्रह आहे.

देशाबाहेर जाणार असशील तर कागद आधी पाहा. तुझा मूळ व्हिसा संपलेला असेल आणि हाती फक्त पेर्मेस्सोची, म्हणजे निवास परवान्याची, टपाल कार्यालयातून मिळालेली पावती असेल, तर त्या पावतीवर शेंगेनमधील, म्हणजे सामाईक व्हिसा असलेल्या युरोपीय देशांच्या गटातील, दुसऱ्या देशात जाता येत नाही. प्रत्यक्ष परवाना हाती असला, तर इतर शेंगेन देशांत १८० दिवसांतील ९० दिवसांपर्यंत राहता येते, पण पासपोर्ट आणि परवाना मूळ स्वरूपात जवळ असावे लागतात; मोबाइलमधला फोटो चालत नाही. ब्रिटन आणि आयर्लंड या व्यवस्थेत येत नाहीत. स्वस्त विमानाचे तिकीट दिसते वीस युरोंचे, आणि पिशवी, विमानतळापर्यंतचे भाडे, अवेळी पोहोचल्याने घ्यावी लागणारी टॅक्सी मिळून ते कुठे जाते, हे तू आता अनुभवलेच आहेस. एकटी जाणार असशील तर परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे ते आधी पाहून घे, तिच्याही आधीची गाडी पकड, आणि खोलीवरच्या एकीला तरी कुठे चालली आहेस ते सांगून निघ. अडचणीच्या वेळी ११२ हा क्रमांक संपूर्ण युरोपीय संघात चालतो.

मैत्रिणींशी भांडण करू नकोस. ‘या महिन्यात माझे ठरलेले पैसे संपले’ एवढे वाक्य पुरते आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. एखादीला रावेन्नाला सोबत येशील का, असे विचारून पाहा. आजवर तू त्यांच्या बेतात जात आलीस, एकदा तुझा बेत त्यांना कळू दे. कोणी आली नाही, तरी त्या छताखाली एकटीने बसायला हरकत नाही.

आणि आता वर्षातून एकदाच करायच्या मोठ्या प्रवासाविषयी, ज्यासाठी मी हे पत्र खरे तर निवडले. तुमच्या तालुक्यापासून फार लांब नसलेले तेर तू पाहिले असशीलच. गोरोबाकाकांचे गाव म्हणून आपण तिथे जातो. तेच गाव प्राचीन काळी तगर या नावाने ओळखले जाई, आणि पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणबरोबर त्याचे नाव आहे. तिथले कापड गाड्यांनी भडोचच्या बंदराकडे जात असे आणि तेथून समुद्रापार. १९३८ साली इटलीतील पॉम्पेई या प्राचीन रोमन शहराच्या उत्खननात एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. व्हेसुव्हियसच्या इ. स. ७९ मधील उद्रेकात पॉम्पेई गाडले गेले, म्हणजे ती त्यापूर्वीच तिथे पोहोचली होती. तिच्याशी साम्य असलेल्या हस्तिदंती मूर्ती आपल्याकडे दोन ठिकाणी मिळाल्या आहेत, एक तेरला आणि दुसरी जालना जिल्ह्यातील भोकरदनला. पॉम्पेईची मूर्ती आज नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. तेरची ओळख आपल्याला तिथल्या जुन्या वस्तू जमवणाऱ्या रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहामुळे राहिली.

जूनचा पेपर दिल्यावर एखाद्या महिन्याचा पहिला रविवार गाठून नेपल्सला जा. गर्दी असेल, पण प्रवेश विनामूल्य असेल. रात्रीच्या बसने गेलीस तर राहण्याचा एक खर्च वाचतो. जाण्यापूर्वी अण्णांना सांग, किती पैसे लागणार तेही सांग, आणि सवड काढून त्यांनी तेरचे संग्रहालय पाहून यावे असे विचार. गोरोबाकाकांच्या दर्शनाला ते गेलेले असतील, संग्रहालयात कदाचित शिरलेले नसतील. त्यांनी तेरची मूर्ती पाहावी, तू नेपल्सची पाहावीस, आणि केसांची रचना, कमरेचा पट्टा, हातांतली कांकणे यांत काय सारखे आहे आणि काय नाही, ते तुम्ही दोघांनी फोनवर ताडून पाहावे. त्या फोनवर कोण काय म्हणाले, ते मला कळवशील का? पेपराची तारीखही त्याच पत्रात लिही.